मूकपटांची पोस्टरे कशी पाहावीत : तीस पावलांवरून भिंगापर्यंत

मूकपटाचे पोस्टर पाहताना आपल्या हातून होणारी पहिली चूक अशी, की आपण ते हातात धरून पाहतो. मोबाइलच्या पडद्यावर बोटभर उंचीचे चित्र येते, आपण ते दोन बोटांनी मोठे करतो, नटीचा चेहरा न्याहाळतो, शीर्षक वाचतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. ज्या चित्रकाराने ते काढले, त्याच्या डोळ्यांसमोर असा प्रेक्षक कधी नव्हताच. त्याचा प्रेक्षक रस्त्याने चालला होता, टांग्यात बसला होता, बाजाराची पिशवी सावरत होता. आणि आपल्या देशात तर त्या काळी शंभरातल्या दहा जणांनाही लिहितावाचता येत नव्हते. अशा माणसाची पावले भिंतीपाशी थांबवणे हे त्या चित्राचे काम होते. म्हणून पोस्टराचे रसग्रहण अंतरापासून सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. आधी तीस पावलांवरून, मग आठ पावलांवरून, मग हातभरावरून आणि शेवटी भिंगातून पाहावे. पुढे जे सांगतो आहे ते बहुतांशी याच क्रमाने सांगतो आहे.

मी ब्रह्मपुरी-वडसा भागातल्या एका खेड्यात अनेक वर्षे चित्रकला शिकवली. इथून जवळपास कुठेही मूकपटांची अस्सल पोस्टरे पाहायला मिळत नाहीत. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे, २०१९ साली उघडलेले भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय मुंबईत आहे, आणि आमच्याकडून या दोन्ही ठिकाणी जायचे म्हणजे आधी नागपूर गाठायचे व मग रात्रभराचा प्रवास करायचा. तिथे जाण्याची संधी मिळाली तर ती अवश्य घ्यावी. मात्र तोवर डोळा तयार करण्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य आपल्या गावातच आहे, हे मला शिकवता शिकवता उमगले. देवघरातली जुनी तसबीर, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकाचा रंगवलेला पडदा, शाळेची रिकामी भिंत आणि शंभर-दीडशे रुपयांचे एक भिंग एवढ्यावर बरेच काही साधते.

तीस पावलांवरून

प्रथम पोस्टराला त्याचे खरे माप परत द्यावे. अमेरिकेत मूकपटाच्या काळात जे नेहमीचे पोस्टर छापले जाई ते २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच असे. त्याच्या तिप्पट मोठे पोस्टर ४१ इंच रुंद व ८१ इंच उंच, म्हणजे पावणेसात फुटांचे, उंचापुऱ्या माणसाच्याही डोक्यावर जाणारे. त्याहूनही मोठी, चोवीस तुकडे जोडून रस्त्याकडेच्या फळ्यांवर लावायची पोस्टरे असत. एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून चांगल्या प्रतीचे चित्र उतरवून घ्यावे आणि तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानातून ते २७ बाय ४१ इंचांत छापून आणावे. फ्लेक्सची चकाकी डोळ्यांत येते, हा त्याचा दोष आहे. तो नको असेल तर ए-चार आकाराच्या सोळा कागदांवर तुकडे छापून, चार ओळींत चार चार कागद खळीने चिकटवून तेच माप मिळवता येते. मला ही दुसरी रीत अधिक आवडते, कारण चिकटवताना चित्राचा प्रत्येक भाग हाताखालून जातो आणि मोठी पोस्टरे तुकडे जोडूनच भिंतीवर चढत, हेही आपोआप कळते.

हे पोस्टर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडे वर लावावे आणि तीस पावले मागे जाऊन उभे राहावे. डोळे किलकिले करावेत. तपशील पुसट होतात आणि दोन-तीन मोठे आकार तेवढे उरतात. ते आकार वहीत दोन बाय तीन इंचांच्या चौकटीत फक्त काळा, करडा आणि कोरा कागद एवढ्या तीन छटांत उतरवून घ्यावेत. चेहरा काढू नये, अक्षरे काढू नयेत, अक्षरांच्या जागी नुसता पट्टा भरावा. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण माझ्या अनुभवात पोस्टर समजण्याच्या वाटेवर याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही. दुबळे पोस्टर या चौकटीत विस्कटते आणि सशक्त पोस्टर अधिकच स्पष्ट होते.

उदाहरण म्हणून १९२७ साली बर्लिनमध्ये प्रथम दाखवल्या गेलेल्या फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'चे हाइन्झ शुल्झ-नॉयडाम यांनी केलेले पोस्टर घ्यावे. उभट, अरुंद कागदावर पुढे यंत्रमानवाचा अर्धदेह आहे आणि त्याच्यामागे आभाळाला भिडलेल्या इमारती आहेत. किलकिल्या डोळ्यांनी पाहिले की इमारतींच्या खिडक्या नाहीशा होतात आणि नुसता वर चढत जाणारा आकार दिसतो. पाहणारा आपोआप मान वर करतो आणि स्वतः त्या शहराच्या तळाशी उभा राहतो. कथा ठाऊक नसलेल्या माणसालाही इथे कोणीतरी वर आहे आणि कोणीतरी खाली आहे, एवढे कळते; आणि या चित्रपटाचा विषय नेमका तोच आहे. या पोस्टराच्या अगदी मोजक्या प्रती आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २००५ साली ६,९०,००० डॉलरला विकली गेली, म्हणून वर्तमानपत्रांतून या चित्राचे नाव झाले. पाहणाऱ्याने ती किंमत विसरून पाहावे.

एकदा भर दुपारी पाहून झाले की तेच पोस्टर दिवेलागणीच्या वेळी पुन्हा पाहावे. प्रकाश मंदावला की आपल्या डोळ्याला लाल रंग सर्वांत आधी काळपट दिसू लागतो आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ राहतो. दुपारी ओरडून सांगणारे लाल शीर्षक संध्याकाळी चक्क बुडते. खेळाला निघालेली माणसे बहुधा याच वेळी त्या भिंतीवरून जात असत. ज्या पोस्टरांत लाल अक्षरांना पिवळी किंवा पांढरी कड दिलेली आढळते, तिथे ती कड अंधारातही अक्षराचा आकार धरून ठेवते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे अशी कड केवळ सजावटीची म्हणता येत नाही.

आठ पावलांवरून : कोणता क्षण निवडला आहे

आता जवळ यावे. आठ पावलांवरून माणसांचे हावभाव दिसू लागतात, आणि इथे स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की चित्रकाराने कथेतला कोणता क्षण उचलला आहे? घटना घडण्याआधीचा, घडतानाचा की घडून गेल्यानंतरचा? तलवार उगारलेली आहे की म्यान झालेली? दार उघडते आहे की मिटले आहे? मूकपटात नट हातांनी, डोळ्यांनी आणि मानेने बोलत, त्यामुळे पोस्टरातल्या हातांकडे चेहऱ्याच्या आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी. हात कोणत्या दिशेला आहेत, ते कोणाला स्पर्श करतात आणि कोणाला करता करता थांबले आहेत, हे तोंडाने सांगून पाहावे.

काही पोस्टरे कथेतला क्षण दाखवतच नाहीत. ल्युमिएर बंधूंच्या खेळासाठी १८९६ साली मार्सेलँ ओझोल यांनी केलेल्या पोस्टरात एका बाजूला पडदा आहे, त्यावर झाडांना पाणी घालणारा माळी स्वतःच भिजतो आहे, आणि पुढे बसलेले प्रेक्षक हसून लोटपोट झाले आहेत. चित्रपटातला प्रसंग दाखवणारे पहिले पोस्टर म्हणून याचा उल्लेख होतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नव्हते, तेव्हा चित्रकाराने पडदा आणि प्रेक्षक एकाच चौकटीत बसवून अंधाऱ्या खोलीत बसायचे कसे आणि तिथे मिळते काय, हे दोन्ही सांगून टाकले. त्याच वर्षी ७ जुलैला हे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले.

आपल्याकडे आरंभीची जाहिरात चित्रापेक्षा शब्दांवर आणि आकड्यांवर भिस्त ठेवणारी होती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांना सरावलेल्या लोकांना तासा-दीड तासाचा खेळ म्हणजे पैसे वाया, असे वाटू नये, म्हणून सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केल्याची नोंद आहे. लांबीचा हिशेब मांडण्याची ही युक्ती केवळ आपल्याकडची नव्हे. १९२१ सालच्या चॅप्लिनच्या 'द किड'च्या पोस्टरावर चार्ली आणि तो लहानगा पोर दाराशी शेजारी शेजारी बसले आहेत आणि सोबत सहा रिळांचा आनंद अशा अर्थाचे शब्द आहेत. पण तिथे आकडा दुय्यम आहे. दोघांचे बसणे, त्यांची सारखीच फाटकी अवस्था आणि त्यांच्यातले बोटभर अंतर यांनीच पाहणारा थांबतो. या दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की शब्दांकडून चित्राकडे झालेला प्रवास चांगला कळतो.

हाच प्रवास महाराष्ट्रात ज्याने घडवला तो माणूस पडदे रंगवणारा होता, आणि आमच्या भागातल्या वाचकाने इथे जरा जास्त वेळ थांबावे, अशी माझी विनंती आहे.

नाटकाचा पडदा आणि सिनेमाचे पोस्टर

बाबूराव मिस्त्री, ज्यांना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, ते १८९० साली कोल्हापुरात जन्मले. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. सिनेमाचा ध्यास दोघांनी एकत्रच घेतला होता. आनंदराव १९१६ साली वारले आणि पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करून १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट लोकांसमोर आणला. आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः रंगवत. १९२४ सालच्या त्यांच्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय पोस्टरांतल्या सर्वांत जुन्यांत गणले जाते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हेही चित्रकारीतून सिनेमात आले, आणि १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीच्या स्थापनेत ते दोघे होते.

पडदे रंगवणाऱ्या हाताने पोस्टर केले याचा चित्रावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने उभ्या राहणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाला जावे. महाल, जंगल किंवा रस्ता रंगवलेला पडदा मागे असेल तर प्रयोगाआधी, दिवे पूर्ण लागण्यापूर्वी त्याच्याकडे शांतपणे पाहावे. दूरचे झाड फिकट आणि जवळचे गडद असते. खांब वर निमुळते होत जातात. प्रकाश एकाच बाजूने येतो असे ठरवून प्रत्येक वस्तूची सावली त्याच्या विरुद्ध बाजूला टाकलेली असते. अगदी मागे बसलेल्या माणसालाही महाल महालच दिसला पाहिजे, म्हणून बारीक नक्षी जाड रेषेत सुटसुटीत केलेली असते. शिवाय मधली जागा नटांसाठी मोकळी सोडलेली असते. हे पाच मुद्दे वहीत टिपून घ्यावेत आणि मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातले कोणतेही पौराणिक वा ऐतिहासिक पोस्टर समोर घेऊन ते एकेक करून शोधावेत. कमान, पायऱ्या, बाजूला सारलेला मखमली पडदा आणि मधोमध उभे असलेले पात्र अशी रचना दिसली, तर रंगमंचाची चौकट जशीच्या तशी कागदावर उतरली आहे, असे समजावे. ज्या पोस्टरात ही चौकट मोडलेली दिसेल, पात्र कडेला छाटले गेले असेल किंवा चेहराच अर्धा कागद व्यापत असेल, तिथे चित्रकाराची नजर कॅमेऱ्याशी जुळू लागली आहे. या दोन नजरांमधली ओढाताण हीच मला त्या काळच्या पोस्टरांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

रंगवलेल्या पडद्याचा असाच ठसा जर्मनीतही आढळतो, पण तिथली दिशा वेगळी आहे. १९२० सालच्या 'डॉ. कॅलिगारी'साठी हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग या तिघांनी जी दृश्ये उभारली, त्यांत सावल्यासुद्धा रंगाने रंगवलेल्या होत्या, भिंती तिरप्या होत्या आणि खिडक्या वेड्यावाकड्या होत्या. आपल्या पडद्यावरचा चित्रकार खोटी जागा खरी भासावी म्हणून धडपडतो. या तिघांनी जागा खोटी आहे हे मुद्दाम उघडे ठेवले, कारण भेदरलेल्या मनाला जग जसे दिसते तसे त्यांना दाखवायचे होते. त्या चित्रपटाच्या पोस्टरांत तीच टोकदार रेषा पाहावी. ती नुसती चमत्कृती वाटत असेल, तर आधी चित्रपटातली दहा मिनिटे पाहून यावे.

अक्षरे

हातभर अंतरावर आल्यावर अक्षरांकडे वळावे. देवनागरीत शिरोरेषा आहे, आणि हिंदी-मराठी पोस्टर करणाऱ्याची अर्धी कल्पकता या एका रेषेवर खर्च झालेली असते. ती सरळ आहे की कमानदार, कापडाच्या पट्ट्यासारखी लहरते आहे की तलवारीच्या पात्यासारखी टोकाला निमुळती होते आहे, हे बोट फिरवून पाहावे. मुंबईच्या मूकपटांना बहुधा एक देशी आणि एक इंग्रजी अशी दोन नावे असत, आणि चित्रपटात मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्याही दोन-तीन भाषांत असत. त्यामुळे पोस्टरावरही एकाहून अधिक लिप्यांना जागा द्यावी लागे. शिरोरेषेला लटकणारी देवनागरी, तशी रेषा नसलेली गुजराती आणि तळरेषेवर उभी राहणारी रोमन लिपी एकाच चौकटीत नांदवायची, हे अवघड काम आहे. कोणत्या लिपीला किती मोठी जागा मिळाली, यावरून तो खेळ कोणत्या वस्तीत लागणार होता याचाही अंदाज करता येतो.

सोव्हिएत रशियातल्या स्टेनबर्ग बंधूंचे काम याच दृष्टीने पाहावे. व्लादिमीर आणि गेओर्गी या दोघा भावांनी १९२९ साली झिगा वर्तोव्हच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'साठी केलेल्या पोस्टरात उंच इमारती चारी बाजूंनी आभाळाकडे झेपावतात, मधोमध एक स्त्री मागे झोकून दिल्यासारखी दिसते, तिचे हात, पाय आणि डोके सुटे सुटे आहेत, आणि अक्षरे वर्तुळात गरगरत आत जातात. ती अक्षरे वाचायची तर मान फिरवावी लागते; कॅमेरा जसा फिरतो तसा पाहणाराही फिरतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की यातला छायाचित्रासारखा दिसणारा भाग छायाचित्र नाही. एवढ्या मोठ्या आकारात छायाचित्र चांगले छापण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून चित्रपटातली चौकट (फ्रेम) एका उपकरणाने कागदावर मोठी करून, हवी तशी तिरकी करून, ती ते हाताने रेखत. कित्येकदा एका दिवसात पोस्टर पुरे करावे लागे. या माहितीनंतर त्या चित्रातली करडी छटा पुन्हा पाहिली, की खडूचा हात जाणवू लागतो.

भिंगातून : दगड कसा ओळखावा

आता भिंग घ्यावे. मात्र पडद्यावरच्या किंवा फ्लेक्सवरच्या प्रतीला भिंग लावून काही मिळणार नाही. ते शिक्षण देवघरात घ्यावे लागते. विदर्भातल्या जुन्या घरांतून लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन यांच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या रंगीत तसबिरी अजून टिकून आहेत. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या व त्या धर्तीवरच्या इतर छापखान्यांतल्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी शिळामुद्रणाची, म्हणजे दगडावरून छपाईची, कामे केली होती, आणि छपाईचे तंत्र व यंत्रे यांसाठी ते १९०९ साली जर्मनीलाही गेले होते. देवाची तसबीर आणि सिनेमाचे पोस्टर यांचे हे नाते केवळ शैलीचे नाही. दोन्ही एकाच तंत्राची अपत्ये आहेत.

हे तंत्र बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधले. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, गोंद आणि सौम्य आम्ल लावून ते पक्के करायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि वरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेवर शाई बसत नाही, खडूच्या जागेवर बसते, आणि कागद दाबला की चित्र उमटते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागे, आणि प्रत्येक दगडावर कागद नेमक्या त्याच जागी बसवावा लागे. एक केसभर चूक झाली की ओठांचा लाल हनुवटीवर उतरे. पुढे दगडाऐवजी जस्ताचे पत्रेही वापरात आले, पण तत्त्व तेच राहिले.

तीन वस्तू शेजारी ठेवाव्यात. एक जुनी तसबीर, एक यंदाचे कॅलेंडर आणि एक वर्तमानपत्र. कॅलेंडरमध्ये भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे असे नियमित ठिपके फुलासारख्या रचनेत दिसतील. वर्तमानपत्रातही तसेच, फक्त भरड. जुन्या शिळाछाप तसबिरीत मात्र ठिपके आणि खडूचे कण अनियमित असतील, कुठे दाट कुठे विरळ, कारण ते एकेक करून माणसाच्या हाताने टाकलेले आहेत. गालावरची लाली कशी विरत जाते ते इथे पाहावे. नंतर कडांकडे जावे आणि रंग सरकला आहे का ते शोधावे. एका रंगाची बारीक पट्टी आपल्या रेषेबाहेर डोकावताना आढळली, तर ती दोष मानून पुढे जाऊ नये. त्या पट्टीवरून कोणता रंग कोणावर चढला, म्हणजे दगडांचा क्रम काय होता, ते ताडता येते. मी मुलांना रंग मोजायला सांगत असे. पहिल्यांदा सगळे वीस-पंचवीस सांगतात. मग हिरवा हा स्वतंत्र नसून निळ्यावर चढलेला पिवळा आहे, हे कोणाला तरी दिसते आणि आकडा झपाट्याने खाली येतो.

हा डोळा तयार झाला, की पुण्या-मुंबईत काचेआडच्या पोस्टरासमोर उभे राहिल्यावर काय शोधायचे ते ठाऊक असते. तिथे भिंग काचेला टेकवू नये. कर्मचाऱ्यांना विचारून दुरूनच पाहावे. अस्सल आणि नंतर छापलेली प्रत यांतला फरक कळायलाही हीच सवय कामी येते, कारण नंतरच्या प्रतीत खडूच्या कणांवरही नियमित ठिपक्यांची जाळी चढलेली असते. अर्थात मूकपटाच्या काळातही काही जाहिराती ठिपक्यांच्या ब्लॉकने छापल्या जात, तेव्हा नुसत्या ठिपक्यांवरून प्रत नकली ठरवण्याची घाई करू नये. कागदाच्या घड्या, कडांची झीज आणि मागची बाजू हेही पाहावे.

रंगांबाबत एक सावधगिरी हवी. आज फिकट, तपकिरी आणि शांत दिसणारे पोस्टर मुळात तसे असेलच असे नाही. काही शाया उजेडात विटतात, स्वस्त कागद पिवळा पडतो, आणि संगणकावरच्या चित्रात कोणीतरी रंग वाढवलेले किंवा कमी केलेले असू शकतात. घडीच्या आत झाकलेला भाग किंवा चौकटीखाली दबलेली कड दिसत असेल, तर मूळ रंगाचा अंदाज तिथून घ्यावा.

चित्रपट पाहावा, पण नंतर

पोस्टरावर पुरेसा वेळ घालवल्याशिवाय चित्रपट पाहू नये. आधी वहीत लिहावे, की हे पोस्टर कोणते वचन देते आहे, म्हणजे भय, हसू, भक्ती की पराक्रम. कोणाची बाजू घेते आहे. आणि काय लपवते आहे. मग चित्रपट पाहून ते ताडून घ्यावे. फाळक्यांच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'चा बराच भाग पाहायला मिळतो. हिमांशु राय आणि फ्रान्झ ओस्टेन यांचे १९२५ सालचे 'प्रेम संन्यास' आणि १९२८ सालचे 'शिराझ' हेही उपलब्ध आहेत. मूकपटांच्या चौकटी अनेकदा रात्रीसाठी निळ्या, आगीसाठी लाल अशा एकरंगात बुडवलेल्या असत, आणि पोस्टराचा चित्रकार त्या रंगांचे भान ठेवतो की ते पूर्ण झुगारून देतो, हे पाहण्याजोगे असते.

आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा' येईपर्यंत बनलेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. पोस्टरांची गत त्याहून वाईट, कारण ती खळीने भिंतीवर लावत, पुढच्या आठवड्यात त्यावर दुसरे चढे, आणि पावसाळ्यात सगळा थर एकदमच गळून पडे. त्यामुळे कोणाच्या माळ्यावर, बाडात किंवा जुन्या पेटीच्या तळाशी चिकटवलेला असा एखादा कागद सापडला, तर त्याला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये, उन्हात वाळत घालू नये आणि घडी जबरदस्तीने उलगडू नये. कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये आडवा ठेवून, वाळवीपासून आणि ओलीपासून दूर, लोखंडी कपाटात जपावा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे.

जे चित्रपट हरवले त्यांच्यासाठी मी एक अभ्यास करून घेत असे, आणि तो कोणालाही करता येईल. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला. सावकाराच्या कागदामुळे जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, आणि त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. त्यातले, झोपडीपुढे कुत्रे भेसूर रडत असल्याचे दृश्य पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ लक्षात राहिले, असे सांगतात. आवाज नसताना ते रडणे दाखवले होते. या चित्रपटासाठी आज पोस्टर करायचे, अशी कल्पना करावी. विदर्भातल्या माणसाला विषय समजावून सांगावा लागत नाही, म्हणून इथे सगळे लक्ष चित्रावर देता येते. रंग तीनच घ्यावेत, तेही मेणखडूचे. प्रत्येक रंगासाठी बटर पेपरचा वेगळा तुकडा घ्यावा आणि तिन्ही तुकडे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर जुळवावेत. दगडांचे काम हे तुकडे करतील. दगडावर चित्र उलटे काढावे लागते, म्हणून शीर्षकही उलटेच लिहावे, आरशात पाहिल्यासारखे. देवनागरी उलटी लिहिताना काना डावीकडे जातो, वेलांट्यांची दिशा बदलते आणि शिरोरेषा उजवीकडून ओढावी लागते. पहिल्या दोन-तीन खेपांना हात अडखळेल. आधी 'पाश' हा दोन अक्षरी शब्दच घ्यावा, तो जमल्यावर 'सावकारी' लिहावे, आणि तिन्ही कागद पालटून काचेवर धरावेत.